कीबोर्ड लहान घ्यावा, बटणे लहान घेऊ नयेत



आपल्या वस्तीत पूर्वी हात दुखतो म्हणणारा माणूस हमाली करणारा असे, नाहीतर रेल्वेच्या रुळावर घण मारणारा, नाहीतर भातलावणीला वाकणारा. आता देहूरोडपासून लोणावळ्यापर्यंत कुठल्याही वस्तीत विचारा, हात दुखणाऱ्यांत खुर्चीत बसून काम करणारी लेक हमखास निघते. कोणी तळेगावच्या कारखान्यात स्टोअरच्या नोंदी करते. कोणी वडगावला सेवा केंद्रात दाखल्यांचे अर्ज भरते. कोणी लोणावळ्यात हॉटेलच्या काउंटरवर बसून पाहुण्यांची नावे चढवते. दिवसाचे आठ-नऊ तास बोटे कीबोर्डवर आणि शनिवार-रविवारी तर त्याहून जास्त, कारण लोणावळ्याची गर्दी सुट्टीलाच असते.

घरातली वडीलधारी मंडळी विचारतात, "बसूनच तर काम आहे, हात कशाने दुखतो?" प्रश्न रास्त आहे. घण मारणाऱ्याचा हात वर जातो, खाली येतो, मध्ये विसावा घेतो. टायपिंग करणाऱ्याचा हात मात्र हवेत धरल्यासारखा एकाच जागी तासन् तास राहतो. पाण्याने भरलेली कळशी डोक्यावरून नेणे जमते, पण भरलेला तांब्या हात लांब करून अर्धा तास धरून ठेवा म्हटले तर कोणालाही जमणार नाही. खांदा, कोपर, मनगट यांचे दुखणे तिथून सुरू होते.

या दुखण्यावर उपाय म्हणून अलीकडे 'कॉम्पॅक्ट' म्हणजे आटोपशीर कीबोर्ड घेण्याची टूम निघाली आहे. मोबाईलवर जाहिरात येते, खोक्यावर 'एर्गोनॉमिक' असे लिहिलेले असते, आणि पाचशे-सातशे रुपये निघून जातात. घ्यावा की घेऊ नये, असे आम्हाला बऱ्याच घरांतून विचारले गेले, म्हणून आज या सदरात हाच विषय घेतला आहे. घ्यायला हरकत नाही. पण आटोपशीर या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकीत कीबोर्डचा नको असलेला भाग काढून टाकलेला असतो. दुसरीत सगळेच दाबून बारीक केलेले असते. पहिली हाताला आराम देते, दुसरी हात बिघडवते.

मोठ्या कीबोर्डचे काय चुकते ते आधी पाहू. नेहमीचा १०४ बटणांचा कीबोर्ड साधारण ४४-४५ सेंटिमीटर लांब असतो. त्यात अक्षरे डाव्या बाजूला, मध्ये बाणांची बटणे आणि उजवीकडे आकड्यांची चौकट, जिला नंबर पॅड म्हणतात. टायपिंग करताना अक्षरांचा मधला भाग आपल्या पोटासमोर येतो. म्हणजे कीबोर्डचा उरलेला सगळा भाग उजवीकडे पसरतो आणि माऊस त्याच्याही पलीकडे जातो. आता खुर्चीत ताठ बसा, दोन्ही कोपरे अंगाजवळ सैल सोडा आणि उजवा हात कोपरातून सरळ पुढे आणा. पंजा जिथे पडेल तिथे माऊस असायला हवा. मोठ्या कीबोर्डवर त्या जागी नंबर पॅड येतो. मग माऊस धरण्यासाठी हात दिवसभर बाहेरच्या बाजूला ताणलेला राहतो. उजवा खांदा दुखतो आणि डावा दुखत नाही, असे सांगणाऱ्या भगिनींनी हे एकदा घरी किंवा कचेरीत करून पाहावे.

नंबर पॅड काढून टाकलेला ८७ बटणांचा कीबोर्ड मिळतो. तो साधारण ३६ सेंटिमीटरचा असतो. अक्षरांची बटणे मोठ्या कीबोर्डइतकीच, फक्त उजवीकडची आठ-नऊ सेंटिमीटर जागा मोकळी होते आणि माऊस तेवढा आत येतो. खांद्याला आराम मिळतो तो या आठ-नऊ सेंटिमीटरमुळे, बाकी जादू काही नाही. त्याहून लहान ८४ बटणांचा येतो, त्यात सगळी बटणे एकमेकांना खेटलेली असतात. आणखी लहान ६१ बटणांचा, साधारण ३० सेंटिमीटरचा. त्यात वरची एफ-वन ते एफ-ट्वेल्व्ह ही रांग नसते आणि बाणांची बटणेही नसतात, ती दुसऱ्या बटणाबरोबर दाबून आणावी लागतात. इथपर्यंत अक्षरांची बटणे पूर्ण मापाची असतात. याच्या पलीकडे मात्र टॅब्लेटबरोबर मिळणारे, पुस्तकाएवढे मिनी कीबोर्ड येतात. त्यांत बटणेच बारीक असतात.

हे ओळखायला दुकानदाराची गरज नाही. मुलांच्या दप्तरातली ३० सेंटिमीटरची पट्टी बरोबर न्यावी. वरच्या अक्षरांच्या ओळीत क्यू पासून पी पर्यंत दहा बटणे असतात. क्यूच्या डाव्या कडेपासून पीच्या उजव्या कडेपर्यंत मोजावे. माप १९ सेंटिमीटरच्या आसपास भरले तर बटणे पूर्ण मापाची आहेत, कारण शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांतले प्रमाण अंतर १९ मिलिमीटर धरतात. १७ किंवा त्याहून कमी भरले तर तो कीबोर्ड कितीही स्वस्त असला तरी रोजच्या कामासाठी घेऊ नये. बारीक बटणांवर दोन्ही हात एकमेकांजवळ ओढले जातात आणि पंजे करंगळीच्या बाजूला वाकडे होतात. कोपरे रुंद आणि पंजे जवळ, अशा अवस्थेत मनगट सरळ राहूच शकत नाही. धिप्पाड माणसाला हा त्रास जास्त होतो.

कामशेतच्या एका घरात आम्ही हे मोजून पाहिले. मुलगी पुण्याला कंत्राटी पद्धतीवर डेटा एंट्री करते, लोकलने जाते-येते. कारकुनी पदासाठी टायपिंगची तयारीही घरी चालू होती. पिशवीत बसावा म्हणून तिने मिनी कीबोर्ड घेतला होता. वडील देहूरोडच्या डेपोतून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "पोरी, पहिल्यापेक्षा तुझा स्पीड कमी झाला की गं." ती म्हणाली, "बाबा, स्पीड नाही कमी झाला, बोटं चुकीच्या बटणावर पडतात." पट्टी लावली तर साडेसोळा सेंटिमीटर. परीक्षा केंद्रावर पूर्ण मापाचा कीबोर्ड मिळणार आणि बोटांना सवय घरच्या बारीक बटणांची लागणार, हे उघड नुकसान आहे. लिपिक-टंकलेखकाच्या पदाला मराठी मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द लागतात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा देणाऱ्या मुलांनीही हे ध्यानात ठेवावे. तुमची बोटे डोळे न वापरता अंतर लक्षात ठेवतात. ते अंतर रोज बदलू देऊ नका.

आता मराठी टायपिंगचा मुद्दा. जाहिराती इंग्रजी टाईप करणाऱ्यासाठी लिहिलेल्या असतात. इंग्रजीत २६ अक्षरे, ती मधल्या भागात मावतात, उजव्या टोकाला फक्त कंस आणि विरामचिन्हे. ती बटणे बारीक केली किंवा इकडेतिकडे हलवली तरी इंग्रजीवाल्याचे फारसे बिघडत नाही. मराठीचे तसे नाही. आपल्या अक्षरांना जागा जास्त लागते, म्हणून त्या टोकाच्या बटणांवर आपली रोजची व्यंजने बसवलेली आहेत.

इनस्क्रिप्ट नावाची जी प्रमाण मांडणी आहे, ती केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली ठरवली आणि १९९१ साली ती भारतीय मानक ब्यूरोच्या मानकात आली. १९८८ साली आपल्या पुण्यातच स्थापन झालेल्या सी-डॅकच्या सॉफ्टवेअरमधून ती ठिकठिकाणच्या कचेऱ्यांत पोहोचली. मांडणी शहाणपणाची आहे. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. क जिथे आहे तिथेच शिफ्ट दाबले की ख, ग च्या जागी घ, त च्या जागी थ. लहान मुलाला बाराखडी येत असेल तर ही मांडणी आठवड्याभरात समजते. पण तिच्यात उजव्या करंगळीवर भार पडतो. ज आणि झ तिच्याकडे, ड आणि ढ तिच्याकडे, च-छ, ट-ठ, य, ऑफिस-कॉलेजमधला अर्धचंद्राचा 'ऑ', आणि वर एंटर व बॅकस्पेस हेही तिच्याकडेच. एवढ्याशा बोटावर एवढे काम असताना तिथलीच बटणे बारीक केली तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून दुकानात कीबोर्ड हातात घेतला की आपण एक गोष्ट करावी. दुकानातल्या संगणकावर मराठी इनस्क्रिप्ट चालू करून घ्यावी, आणि 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' असे टाईप करून पाहावे. ड हे अक्षर पी च्या शेजारी, चौकटी कंसाच्या बटणावर आहे. त्यावरचा अर्धचंद्र उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर, अगदी उजव्या टोकाला आहे. स्वस्त मिनी कीबोर्डमध्ये ही दोन बटणे निम्म्या रुंदीची असतात, काहींत खालच्या ओळीत नेऊन बसवलेली असतात, काहींत दुसरे बटण दाबल्याशिवाय चालतच नाहीत. पहिल्याच शब्दाला बोट अडखळले तर तो कीबोर्ड ठेवून द्यावा. आपल्या मंडळाच्या पत्रव्यवहारात हा शब्द किती वेळा येतो ते आपणच मोजा. दुसरा शब्द 'चिठ्ठी'. च आणि ठ दोन्ही करंगळीचे.

तिसरा शब्द 'आई'. आ आणि ई डाव्या हाताच्या बटणांवर आहेत, म्हणून त्यांना शिफ्ट उजव्या हाताने दाबावी लागते. 'आणि' या शब्दाचेही तसेच, त्यातला ण डावीकडे म च्या बटणावर शिफ्टसह आहे. आता ८४ बटणांच्या बऱ्याच कीबोर्डमध्ये बाणांना जागा करण्यासाठी उजवी शिफ्ट कापून आखूड केलेली असते आणि तिला चिकटून वर जाणाऱ्या बाणाचे बटण असते. करंगळी जरा चुकली की शिफ्टऐवजी बाण दाबला जातो, कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि पुढची अक्षरे भलत्याच शब्दात जाऊन बसतात. ६१ आणि ८७ बटणांच्या कीबोर्डमध्ये उजवी शिफ्ट बहुधा पूर्ण लांबीची असते. आकड्यांनी पाहिले तर ८४ चा कीबोर्ड ६१ पेक्षा मोठा, तरी मराठीसाठी त्यात ही अडचण आहे.

जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन पद्धतीने शिकलेल्या मंडळींनाही हे लागू आहे, कारण तिथेही उजवीकडच्या चिन्हांच्या बटणांवर अक्षरे आहेत. इंग्रजी अक्षरांत 'मी येतो' असे लिहून त्याचे मराठी करून घेणाऱ्या तरुणांना मात्र कोणताही कीबोर्ड चालेल. त्यांच्याशी आमचे भांडण नाही, पण परीक्षेचे टायपिंग त्या पद्धतीने होत नाही एवढे सांगून ठेवतो.

टाइपरायटरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर आणला, आणि पुढे कित्येक घरांतल्या पहिल्या नोकरदार माणसाने त्याच्यावरच बोटे झिजवली. ते यंत्र जड होते, बटण ठोकावे लागे, संध्याकाळी बोटे सुजत. पण ओळ संपली की घंटी वाजे आणि डाव्या हाताने कॅरेज सरकवावे लागे. कागद बदलावा लागे, कार्बन लावावा लागे. म्हणजे दर थोड्या वेळाने हात आपोआप जागेवरून हलत असे. संगणकाने घंटी बंद केली आणि हात एकाच जागी बांधला. टाइपरायटरवर मनगट टेकवून बसलात तर इन्स्टिट्यूटचे सर पट्टी मारत असत. ती शिस्त अजून योग्य आहे. टाईप करताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नये, हात पेटीवर फिरतो तसा वरून फिरला पाहिजे. टेकायचे ते थांबल्यावर, आणि तेही मनगट न टेकता तळहाताचा खालचा भाग टेकावा. त्यासाठी जुन्या पंचाची गुंडाळी कीबोर्डपुढे ठेवली तरी पुरते. दुकानातली जेलची गादी घेतलीच पाहिजे असे नाही.

हिशेबाचे काम करणाऱ्यांनी वर लिहिलेले वाचून लगेच नंबर पॅड टाकून देऊ नये. आम्ही स्वतः बी.कॉम. करून कारकुनीत आयुष्य घालवत आहोत, त्यामुळे हा भाग आमच्या हातचा आहे. दिवसभर बिले, चलने आणि पगारपत्रके चढवणाऱ्याला नंबर पॅड हवाच. वरच्या ओळीतून आकडे भरायला गेलात तर वेळही जाईल आणि चुकाही होतील. टॅलीवर काम असेल तर वरची एफ रांगही हवी. एफ-फाइव्हला पेमेंट, एफ-सिक्सला रिसीट, एफ-सेव्हनला जर्नल, एफ-एटला सेल्स, एफ-नाइनला परचेस, ही सवय बोटांत बसलेली असते. ६१ बटणांच्या कीबोर्डवर प्रत्येक व्हाउचरला दोन-दोन बटणे दाबत बसावे लागेल. अशांनी ८७ चा कीबोर्ड आणि वेगळा, वायरचा, सुटा नंबर पॅड घ्यावा. तो डावीकडे ठेवला तर उजवीकडे माऊस जवळ राहतो आणि डावा हात आकडे भरायला शिकतो. पंधरा दिवस त्रास होतो, मग बसते. तेवढा धीर नसेल तर आकड्यांचे काम असेल तेव्हा पॅड उजवीकडे आणावा आणि झाल्यावर बाजूला सारावा. सुटा असण्याचा फायदाच तो आहे.

बटणांच्या जातीबद्दल थोडक्यात. साध्या कीबोर्डमध्ये बटणाखाली रबराचा पडदा असतो, बटण शेवटपर्यंत दाबावे लागते. स्प्रिंगच्या म्हणजे मेकॅनिकल कीबोर्डमध्ये बटण अर्ध्यावर गेले की अक्षर उमटते, बोटाला तळ गाठावा लागत नाही. हलका हात असलेल्याला ते बरे वाटते. पण तो महाग असतो आणि जाडही असतो. त्यातल्या निळ्या स्विचचा कीबोर्ड टकटक आवाज करतो. एका खोलीच्या घरात, जिथे शेजारी मूल झोपले आहे आणि रात्रपाळी करून आलेला माणूस पडला आहे, तिथे तो कृपा करून आणू नका. लाल स्विच शांत असतो. साधा रबरी, चापट, पूर्ण मापाचा ८७ बटणांचा वायरचा कीबोर्ड मिळाला तर आमच्या मते कामगार घराला तो पुष्कळ झाला. दोन भागांत दुभंगलेले, मधून उंच केलेले कीबोर्डही मिळतात. मायक्रोसॉफ्टने तसा १९९४ साली बाजारात आणला होता. मनगट सरळ राहायला ते चांगले, पण जागा जास्त खातात आणि खिशालाही लागतात.

कीबोर्डच्या मागे उंच करायला दोन पाय असतात. ते बहुतेक जण उघडतात, कारण अक्षरे नीट दिसतात. ते मिटून ठेवावेत. पाय उघडले की मागची बाजू वर जाते आणि पंजा मनगटातून वर मुडपतो. दाराच्या बिजागरीसारखे ते मनगट दिवसभर मोडून धरलेले राहते. हा उपाय फुकट आहे, आजच करावा.

आणि फुकट उपायांतला सर्वांत मोठा उपाय टेबलाचा. कचेरीतले टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असते. ते खुर्चीत बसून पेनाने लिहिणाऱ्या उंच पुरुषाच्या मापाचे आहे. पाच फूट उंचीच्या आपल्या बहिणीचे कोपर बसल्यावर त्या टेबलाच्या बरेच खाली राहते. मग ती खांदे उचलून टाईप करते आणि संध्याकाळी मानेला बाम चोळते. तिला हजाराचा कीबोर्ड आणून दिला तरी खांदे उचललेलेच राहणार. खुर्ची वर घ्यावी, होत नसेल तर खाली घट्ट उशी किंवा घडी घातलेली सतरंजी घालावी, इतकी की कोपर कीबोर्डच्या उंचीला येईल. पाय लोंबकळू लागले तर पायाखाली लाकडी पाट किंवा दोन विटा. लोणावळ्याच्या दुकानांतले काउंटर तर उभ्या गिऱ्हाइकाच्या सोयीने बांधलेले असतात. तिथे उंच स्टूल आणि पायाला आडवी दांडी हवी, आणि काउंटर अरुंद असल्याने तिथे ८७ चा कीबोर्ड खरोखर शोभतो.

घरी लॅपटॉपवर काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले. हात नीट ठेवले तर मान वाकते, मान नीट ठेवली तर हात वर जातात. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत जमिनीवर मांडी घालून, मांडीवर लॅपटॉप घेऊन काम झाले आणि कित्येकांची मानदुखी तेव्हापासून आहे. जुनी जाड पुस्तके किंवा पत्र्याचा डबा पालथा घालून त्यावर लॅपटॉप ठेवावा, पडद्याची वरची कड डोळ्यांसमोर यावी, आणि खाली सुटा कीबोर्ड व माऊस लावावा. जमिनीवर बसायचे असेल तर चौरंगाची उंची मांडीला लागेल इतकी कमी असावी. इथे लहान कीबोर्डचा पैसा खरा वसूल होतो.

दुखण्याकडे मात्र डोळेझाक नको. अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटे रात्री बधिर होत असतील, झोपेतून उठून हात झटकावा लागत असेल, तर मनगटात नस दबली असण्याची शक्यता असते. करंगळी बधिर होत असेल तर बहुधा कोपराकडची नस. हे केवळ कीबोर्डमुळे होते असे नाही. मधुमेह, थायरॉईड, गरोदरपण यांतही होते. आणि आमच्या भगिनी कचेरीतून घरी येऊन पुन्हा कपडे पिळतात, भाकऱ्या थापतात, ते मनगट वेगळे नसते, तेच असते. घरातल्या पुरुष मंडळींनी कपडे पिळण्याचे काम घेतले तर कीबोर्ड बदलण्याइतकाच गुण येईल. विमा असेल त्यांनी ईएसआयच्या दवाखान्यात जावे, इतरांनी सरकारी रुग्णालयात हाडांच्या किंवा नसांच्या डॉक्टरांना दाखवावे. हाताला झटके देणाऱ्या वैदूकडे जाऊ नये. बोटांतली शक्ती जाऊन हातातला कप निसटू लागला तर एक दिवसही थांबू नये, मग त्या दिवसाचा रोज बुडाला तरी चालेल.

नोकरीच्या ठिकाणचा कीबोर्ड आपण आपल्या पैशाने का घ्यावा, असेही कोणी विचारील. बरोबर आहे, घेऊ नये. पण तोंडी मागितले तर "बघू" असे उत्तर मिळते. एका कागदावर तारीख घालून लिहावे की, "रोज अमुक तास टंकलेखनाचे काम करते. टेबलाची उंची जास्त असून माऊसला जागा नाही. नंबर पॅड नसलेला कीबोर्ड व उंची बदलणारी खुर्ची मिळावी." वर पोच घ्यावी, प्रत जवळ ठेवावी. एकटीने देण्यापेक्षा त्याच खोलीतल्या चौघींनी सही केली तर कागद टोपलीत जात नाही. कंत्राटी कामगारांनी कंत्राटदाराला आणि मूळ कंपनीला, दोघांनाही प्रत द्यावी, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

स्वतः घेणार असाल तर जाहिरातीवर न जाता हात लावून घ्यावा. पुण्याला गेलात तर बुधवार पेठेत तपकीर गल्ली आहे, तिथे खोका उघडून दाखवतात. मागवलाच तर परत घेण्याची मुदत पाहावी आणि तेवढे दिवस खोका माळ्यावर ठेवावा. बिल घ्यावे. बिनवायरचा घ्यायचा मोह होतो, पण सेलचा खर्च चालू राहतो. आणि मावळच्या पावसाळ्यात सेल आत ठेवून कीबोर्ड महिनाभर पडून राहिला तर सेल पाझरून आतले पत्रे गंजतात. लोणावळ्याच्या दमट हवेत जून ते सप्टेंबर कीबोर्ड खिडकीजवळ ठेवू नये. काम संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसून, पालथा करून हलके झटकून, वर सुती कापड टाकावे. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर ओल आत राहते.

चिक्कीच्या दुकानात काम करणाऱ्या मुलांना आणखी एक सांगायचे आहे. गुळाचे बोट कीबोर्डला लागले की दुसऱ्या दिवशी मुंग्या बटणांखाली मुक्कामाला येतात, आणि मग नेमके स्पेसचे बटण अडकते. हात धुवायला पाणी दूर असेल तर ओला रुमाल काउंटरखाली ठेवा.